उतरता क्रम मुलांना अवघड का जातो?

पोराला शंभरपर्यंत अंक पाठ झाले की घरात कौतुक सुरू होतं. पाहुण्यांपुढे उभं करून म्हणून घेतात, पोरगंही धडाधड म्हणून दाखवतं. पुढे दुसरीच्या वहीत प्रश्न येतो: ५८, ७२, ३६, ९१, ४७ या संख्या उतरत्या क्रमाने लिहा. पोरगं लिहितं ३६, ४७, ५८, ७२, ९१. "अरे, प्रश्न नीट वाचत जा की!" आई चिडते. जिल्हा परिषदेची शाळा असो की लातूर-नांदेडची इंग्रजी शाळा, हे उत्तर मी सारखं पाहत आलो आहे. यात दुर्लक्षाचा भाग थोडा, असं माझं ठाम मत आहे.

चढता क्रम पाठांतरावर निभावून नेता येतो. मनात एकपासून म्हणत जायचं, समोरची संख्या आली की लिहायची. उलटे अंक इतके सरावाचे नसतात, त्यामुळे उतरत्या क्रमात ही युक्ती चालत नाही. तिथे खरोखर तुलना करावी लागते: यातली सगळ्यात मोठी कोणती? उरलेल्यांत मोठी कोणती? अंक पाठ असणं आणि अंकाचा मोठेपणा जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच उघड होतं.

मोठेपणा जाणवतो म्हणजे डोक्यात काय घडतं, हा माझ्या फार आवडीचा विषय. १९६७ साली मोयर आणि लँडाउअर या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. मोठ्या माणसांना दोन अंक दाखवायचे आणि मोठा कोणता ते बटण दाबून सांगायला लावायचं. १ ते ९ या अंकांच्या जोड्या होतात फक्त ३६. त्या तोंडपाठ असत्या तर प्रत्येक उत्तराला जवळपास सारखाच वेळ लागायला हवा होता. तसं झालं नाही. २ आणि ९ मध्ये मोठा कोणता हे लोक झटकन सांगत. ६ आणि ७ मध्ये वेळ जास्त लागे. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा, पण पक्का. शिवाय अंतर सारखं असलं तरी २-३ पेक्षा ८-९ ला जास्त वेळ लागतो. किलोभर ज्वारीत शंभर ग्रॅम वाढले तर हाताला कळतं, दहा किलोंत कळत नाही, तसंच हे. फरक किती यापेक्षा मूळ वजनाच्या मानाने किती, हे महत्त्वाचं. वजनाबाबतचा हा नियम एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मांडला होता.

याचं कारण पेशींपर्यंत जाऊन सापडतं. २००२ साली नीडर आणि मिलर यांना माकडांच्या मेंदूत ठरावीक संख्येला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. चार ठिपके दिसले की 'चार'ची पेशी सर्वात जोरात चेतते, पण तीन आणि पाचलाही थोडी चेततेच. संख्या मोठी होत जाते तसा हा पसारा रुंदावतो. म्हणून शेजारच्या संख्या एकमेकींत मिसळतात आणि निवाडा करायला वेळ लागतो.

दोन अंकी संख्यांत आणखी गुंता. ४२ आणि ५७ मध्ये अंतर १५, ४७ आणि ६२ मध्येही १५. तरी दुसऱ्या जोडीला प्रौढ माणसालाही जास्त वेळ लागतो, कारण दशकात ६२ मोठी, पण एककात ७ हा २ पेक्षा मोठा. मेंदू दोन्ही स्थानं एकदमच बघतो आणि अडखळतो. मग सात वर्षांच्या मुलीने ३९ ला ५१ च्या वर बसवलं तर तिला नऊ दिसला एवढंच. > आणि < ही चिन्हं शिकवताना सांगतात तशी मगरीचं तोंड मोठ्या संख्येकडे, ही युक्ती चिन्ह लक्षात ठेवायला ठीक. मोठी कोणती हे मगर सांगत नाही.

आमच्या भागात 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मध्यमेंदू जागा करण्याच्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे वर्ग येऊन गेले, पालकांनी हजारो रुपये मोजले. मध्यमेंदूचं काम डोळ्यांच्या हालचाली, आवाजाकडे मान वळवणं अशा स्वरूपाचं. अंकांची तुलना होते ती प्रामुख्याने मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात, पार्श्वखंडात. विज्ञानाच्या नावावर चाललेली ही उघड फसवणूक आहे.

मुलांना खरी मदत करायला पैसे लागत नाहीत. पाच संख्यांतून दरवेळी सर्वात मोठी निवडायची तर ४ + ३ + २ + १ अशा दहा तुलना होतात, आणि कोणती लिहून झाली तेही ध्यानात ठेवावं लागतं. लिहिलेल्या संख्येवर काट मारायला शिकवलं की तेवढा भार उतरतो. आधी दशकं बघायची, ती सारखी असतील तरच एकक. चिंचोके दहा-दहाच्या ढिगांत मांडून ३९ आणि ५१ शेजारी ठेवले की नऊचा दिमाख राहत नाही. चौथीच्या मुलांना मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात येणाऱ्या पिकांचे भाव द्यावेत. २०२४-२५ च्या खरिपाचे क्विंटलचे हमीभाव: सोयाबीन ४,८९२, उडीद ७,४००, मूग ८,६८२, लांब धाग्याचा कापूस ७,५२१, तूर ७,५५०. उडीद, कापूस आणि तूर हजारावर सारखेच, म्हणून शतकाकडे जावं लागतं. कापूस-तुरीत तर थेट दशकाकडे.

समजलं की नाही हे तपासायची एक चांगली रीत आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे मुलांना लांबीनुसार काड्या लावायला देत आणि नंतर मधल्या लांबीची एक काडी हातात ठेवत. तसंच ९१, ७२, ५८, ४७, ३६ च्या चिठ्ठ्या लावून झाल्या की ६५ ची चिठ्ठी द्यावी. काही मुलं सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा पहिल्यापासून लावतात. ज्याला ६५ ही ७२ पेक्षा लहान आणि त्याच वेळी ५८ पेक्षा मोठी दिसते, ते मूल दोन चिठ्ठ्या थोड्या सरकवतं आणि मधे ६५ ठेवतं.