पांढरे फिलिंग दाताला धरून कसे राहते?

मुलाच्या दाढेत खड्डा दिसला की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. दुधाचा दात पडणारच आहे, मग तो भरायचा कशाला, हा पहिला; आणि भरायचाच असेल तर चांदीऐवजी दातासारखे दिसणारे पांढरे फिलिंग करता येईल ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. दुधाची मागची दाढ साधारणपणे दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असते. तोवर चावण्याचे काम तर ती करतेच, शिवाय तिच्या खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातासाठी जागाही राखून ठेवते. ती अकाली काढावी लागली, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेली कायमची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची वाट अडते. त्यातच दुधाच्या दातावरचे एनॅमलचे कवच कायमच्या दातापेक्षा बरेच पातळ आणि आतला नसांचा गाभा, म्हणजे पल्प, पृष्ठभागाच्या अधिक जवळ असतो, त्यामुळे कीड तिथवर पोहोचायला फार वेळ लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नात रंगाचा भाग सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. खरी गंमत आहे ती हे फिलिंग दाताला चिकटून कसे राहते यात, आणि ते मुलांच्या तोंडात कधी टिकते, कधी टिकत नाही, याचे उत्तरही तिथेच आहे.

आधी कीड म्हणजे काय ते पाहू. दातात खरोखरच अळी शिरते आणि ती दात पोखरते, ही समजूत प्राचीन बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही आढळते. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ती नाकारली, कारण किडलेल्या दातांत सूक्ष्मदर्शकातूनही त्याला अळी दिसली नव्हती. तरीही दाताला धुरी देऊन किडे ‘काढून दाखवणारे’ लोक आजही भेटतात. प्रत्यक्षात दातावरच्या चिकट थरात राहणारे जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि त्या थरातला सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि गेलेली खनिजे काही प्रमाणात परतही आणते. परंतु त्यासाठी तिला अर्धा ते एक तास मिळावा लागतो. म्हणूनच एका वेळी किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसभरात किती वेळा खाल्ले, याला जास्त महत्त्व आहे. झोपेत लाळ फारच कमी सुटते, त्यामुळे दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात सर्वांत आधी किडतात.

आता फिलिंगकडे वळू. चांदीचे म्हणून ओळखले जाणारे फिलिंग म्हणजे अमॅल्गम. त्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो आणि उरलेल्या भागात चांदी, कथील, तांबे. ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असा कोरावा लागतो, आणि त्या कोरण्यात निरोगी दातही जातो. मुलांच्या छोट्या दाढांना हे परवडणारे नसते. पाऱ्याचा वापर आणि प्रदूषण कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातील देशांनी २०२२ मध्ये पंधरा वर्षांखालील मुलांसाठी अमॅल्गमच्या वापरावर आणखी निर्बंध आणण्याचे ठरवले. त्यामागे प्रामुख्याने पाऱ्याचे पर्यावरणातील प्रदूषण थांबवण्याचा विचार आहे. हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण ‘शरीरातील विष काढण्यासाठी’ जुनी चांगली फिलिंग उकरून काढण्याचा सल्ला देणारेही कमी नाहीत. उकरतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते, हे मात्र ते सांगत नाहीत.

पांढरे फिलिंग चिकटण्याची किल्ली १९५५ साली मायकेल ब्युनोकोर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाच्या हाती लागली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून उद्योगांमध्ये धातूचा पृष्ठभाग आधी फॉस्फोरिक आम्लाने धुतला जात असे. तेच दातावर करून पाहावे असे ब्युनोकोरला वाटले. त्याने एनॅमलवर हे आम्ल अर्धा मिनिट लावले, धुऊन कोरडे केले आणि त्यावर ॲक्रिलिक प्लास्टिकचे थेंब ठेवले. साध्या दातावरचे थेंब लवकरच निघून आले. आम्ल लावलेल्या दातावरचे कितीतरी अधिक काळ टिकले. ज्या आम्लामुळे दात किडतो, त्याच प्रकारचा हल्ला मोजून मापून केला की दात प्लास्टिकला धरून ठेवू लागतो, हे मला दंतविज्ञानातले सर्वांत देखणे निरीक्षण वाटते.

असे का होते? एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, आणि ते खनिज एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या, सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीच्या दांड्यांमध्ये रचलेले असते. दांड्याच्या गाभ्यातले आणि कडेचे स्फटिक वेगवेगळ्या दिशांना वळलेले असल्यामुळे आम्लात ते सारख्या वेगाने विरघळत नाहीत. सुमारे ३७ टक्के तीव्रतेचे फॉस्फोरिक आम्ल १५ ते ३० सेकंद लावून धुतले की चकचकीत पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज दिसू लागतो, कारण त्यावर असंख्य सूक्ष्म खळगे पडलेले असतात. त्यांत पातळ राळ, म्हणजे रेझिन, केशाकर्षणाने शिरते आणि आतच घट्ट होते. एनॅमलच्या खालच्या डेंटिनमध्ये प्रकरण अधिक नाजूक आहे. तिथे खनिज सुमारे ७० टक्केच असते. उरलेल्या भागात कोलॅजेनचे तंतू आणि पाणी. आम्लाने खनिज काढून टाकले की तंतूंचे जाळे पाण्याच्या आधाराने उभे राहते. ते फार वाळवले तर कोसळते आणि राळ आत शिरत नाही. फार ओले ठेवले तर राळेचे पाण्याशी जमत नाही. या दोन टोकांमधली किंचित ओलसर अवस्था दंतवैद्याला काही सेकंदांत साधावी लागते.

मग येतो मुख्य पदार्थ, कंपोझिट. बिस-जीएमए या रेणूवर आधारित राळ राफाएल बोवेन यांनी विकसित केली आणि १९६२ मध्ये तिचे पेटंट घेतले. तिच्यात काच आणि सिलिकाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. वजनाने पाहिले तर फिलिंगचा बराच मोठा भाग हे कणच असतात. पेस्ट सुरीने हवी तशी बसवता येते आणि निळ्या दिव्याखाली धरताच काही सेकंदांत दगडासारखी होते. पुष्कळांना वाटते की दिव्याच्या उष्णतेने ती ‘वाळते’. तसे नाही. राळेत कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळसर पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतो, आणि तो ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतो. प्रकाशाने उत्तेजित झालेला हा रेणू शेजारच्या अमाइन रेणूकडून हायड्रोजनचा अणू ओढून घेतो. त्यातून मुक्तमूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले अतिशय क्रियाशील रेणू, तयार होतात, ते राळेच्या रेणूंमधले कार्बन-कार्बन दुहेरी बंध उघडतात, आणि एक रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जोडला जात त्रिमितीय जाळे विणले जाते. बंध न जुळलेले रेणू एकमेकांपासून साधारण ०.३ ते ०.४ नॅनोमीटर अंतरावर असतात. बंध जुळल्यावर हे अंतर सुमारे ०.१५ नॅनोमीटरवर येते. त्यामुळे घट्ट होताना फिलिंग आकाराने दोन-तीन टक्के आकसते, आणि आकसताना ते दाताच्या भिंती आत खेचते किंवा स्वतः त्यांच्यापासून सुटू पाहते. सुटले तर केसाहून बारीक फट पडते आणि तिच्यातून जीवाणू पुन्हा आत जातात. म्हणून, आणि प्रकाश खोलवर पुरेसा पोहोचत नाही म्हणूनही, नेहमीचे कंपोझिट सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत भरतात आणि प्रत्येक थरावर दिवा वेगळा धरतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे थराचा अगदी वरचा पापुद्रा चिकटच राहतो, आणि पुढचा थर त्याला उत्तम जोडला जातो.

इतके सगळे जमून यायला दाढ काही मिनिटे पूर्ण कोरडी हवी. आम्ल लावून धुतलेल्या पृष्ठभागाला लाळ क्षणभर जरी लागली, तरी तिच्यातील प्रथिने त्या खळग्यांवर बसतात आणि आम्ल पुन्हा लावावे लागते. चार वर्षांचे मूल एवढा वेळ तोंड उघडून, जीभ न हलवता बसेलच असे नाही. दातांभोवती ताणून बसवलेले रबराचे पातळ पान, म्हणजे रबर डॅम, हा त्यावरचा उत्तम उपाय आहे, परंतु प्रत्येक मूल तो लावू देईलच असे नाही. म्हणून ‘पांढरे’ म्हटले की कंपोझिटच, असे समजू नये. १९७० च्या सुमारास ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी लंडनमध्ये तयार केलेले ग्लास आयोनोमर सिमेंटही दाताच्याच रंगाचे असते. ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते, थोडी ओल सहन करते आणि फ्लोराइड सोडत राहते. त्याची झीज मात्र लवकर होते आणि दोन दातांमधल्या मोठ्या खड्ड्यात ते तुटू शकते. तशा किडीसाठी स्टीलची तयार टोपी अनेकदा या दोन्हींपेक्षा जास्त टिकते. ती दिसायला पांढरी नसते म्हणून पालक नाराज होतात, आणि ती नाराजी मागच्या दाढेच्या बाबतीत मला अनाठायी वाटते.

कीड पार तळापर्यंत खरवडण्याची पद्धतही आता मागे पडली आहे. खोल खड्ड्यात कडा स्वच्छ आणि टणक करतात, परंतु पल्पच्या लगतचा मऊ थर तसाच ठेवून वरून घट्ट बंद करतात. आत अडकलेल्या जीवाणूंना साखर मिळत नाही आणि किडीची वाढ थांबते. पल्प उघडा पडण्याचा धोकाही त्यामुळे टळतो. अट एकच, वरचे झाकण गळता कामा नये. एनॅमलवर नुसता पांढरट डाग असेल आणि खड्डा पडलेला नसेल, तर बहुतेक वेळा फिलिंगची गरजच नसते. दिवसातून दोनदा फ्लोराइडची टूथपेस्ट, तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी, आणि दंतवैद्याने लावलेले फ्लोराइडचे वॉर्निश यांनी तो डाग बहुधा तिथेच थांबतो.

ब्युनोकोरने स्वतः पुढे याच आम्लाचा वापर दाढांच्या खाचा किडण्यापूर्वीच भरून टाकण्यासाठी केला. या सीलंटमध्ये ड्रिल लागत नाही. आम्ल, पाणी, कोरडी हवा, पातळ राळ आणि आज निळा दिवा, एवढेच. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ दुधाच्या दाढांच्या मागे मुकाट्याने उगवते, तिच्या जागी कोणताच दात पडलेला नसल्यामुळे पालकांना ती दुधाचीच वाटते, आणि तिच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोहोचत नाहीत. ती पूर्ण वर येऊन कोरडी ठेवता येऊ लागली की सीलंट लावून घ्यावे आणि दर तपासणीला त्याचा तुकडा कुठे निघाला आहे का, एवढे पाहून घ्यावे.