रंगाखालचे मीठ

निफाडकडच्या एका परिचित द्राक्षबागायतदाराने आपला जुना पिकअप गेल्या दसऱ्याआधी नाशिकच्या एका गॅरेजमध्ये रंगवून घेतला. यंदाच्या श्रावणात फाळक्याच्या खालच्या दुमडीवर तांदळाएवढे फोड आले. एक फोड नखाने उकरला, तर आतून गढूळ पाणी निघाले आणि खाली काळसर पत्रा दिसला. रंगाचा हात पातळ पडला, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, कारण बाहेरचा रंग कुठेही फुटलेला नव्हता.

रंगाचा थर कितीही चकचकीत असला, तरी पाण्याचे रेणू आणि ऑक्सिजन त्यातून थोडेथोडे आत झिरपतातच. विरघळलेले क्षार मात्र सहसा पार होत नाहीत. शाळेत शिकलेले निवडक्षम पारपटल ते हेच. बेदाणा पाण्यात टाकला की टम्म फुगतो, कारण सालीच्या आत साखर दाटलेली असते. हौद्यातून वर्षानुवर्षे खतांची पोती वाहिली जातात. अमोनियम सल्फेट, पोटॅश आणि मोरचुदाचे सांडलेले पाणी पत्र्याच्या खाचांत मुरते. या क्षारांवरच रंग चढवला, तर रंगाखाली जणू बेदाणाच पुरला जातो. समुद्राच्या पाण्याइतक्या खारट द्रावणाचा परासरण दाब, म्हणजे पाणी आत ओढण्याचा जोर, हवेच्या दाबाच्या सुमारे २५ पट असतो. इतक्या ओढीपुढे रंगाची चिकटण्याची ताकद अपुरी पडते.

पुढचा भाग मला विशेष मोहक वाटतो. केंब्रिजचे गंजशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी पोलादावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून दाखवले, की थेंबाच्या काठाशी, जिथे ऑक्सिजन भरपूर मिळतो, तिथे लोखंड वाचते आणि ऑक्सिजन कमी पोहोचणाऱ्या मध्यभागी ते विरघळते. मध्यभागी लोखंडाने सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतून काठाकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी यांच्याशी मिळून हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, तयार करतात. रंगाखालच्या फोडातही अशीच विभागणी होते. स्वस्त सिंथेटिक इनॅमलच्या राळेत तेलाचा अंश असतो, आणि तेल व अल्कली एकत्र आले की साबण होतो. फोडाच्या काठावरचा रंग अशा रीतीने सुटत जातो आणि फोड पसरतो. मोरचुदातले तांबे लोखंडावर बसले, तर हा विद्युतघट आणखी जोमाने चालतो.

म्हणून बजेट तोकडे असेल, तर रंगाचा तिसरा हात वगळावा; पाणी आणि मेहनत मात्र वगळू नये. घासण्याआधी हौदा स्वच्छ पाण्याने धुवावा, तारेच्या ब्रशने गंज काढावा आणि पुन्हा धुवावा, कारण क्षार गंजाच्या खळग्यांत तळाशी दडलेले असतात. मग पत्रा ओला करून रात्रभर ठेवावा. सकाळी जिथे गडद ठिपके उमटतील, तिथे बहुधा क्षार उरलेले असतात, तेवढाच भाग पुन्हा घासून धुवावा. शेवटी सगळीकडून हलकी तांबूस झाक काढावी, पत्रा उन्हात वाळवावा आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचा प्रायमर मारावा. लांबी, म्हणजे खड्डे बुजवणारी पुट्टी, त्यानंतर भरावी. गंज कायमचा मारण्याचा दावा करणारी द्रावणे वरवरच्या गंजावर चालतात. जाड पापुद्र्याच्या तळापर्यंत ती पोहोचत नाहीत.

त्या पिकअपच्या बंपरला लिंबू-मिरचीही होती. लिंबातले सायट्रिक आम्ल गंज खरोखर विरघळवते, पण त्यासाठी लिंबू पत्र्यावर चोळावे लागते आणि नंतर तेही धुऊन काढावे लागते.