उभी गाडी रोज पाच मिनिटं स्टार्ट करावी का?

जुनी स्पोर्ट्स कार घेतली की हा सल्ला हमखास मिळतो: 'फिरवली नाही तरी चालेल, रोज पाच मिनिटं जागेवर स्टार्ट करून ठेवा, इंजिन आणि बॅटरी ठणठणीत राहते.' गाडी वापरात असावी हे खरंच. चुकतं ते 'पाच मिनिटं' आणि 'जागेवर' यात.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एका लिटरमागे साधारण लिटरभर. इंजिन नीट तापलं तर त्याची वाफ निघून जाते. थंड इंजिनात ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं. त्यात चोक ओढलेला, म्हणजे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं. बॅटरीचंही तेच. १९६२ ते १९६७ च्या एमजीबीत (ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे; आयडलिंगला, म्हणजे इंजिन जागेवर मंद चालू असताना, तो जवळजवळ काहीच देत नाही.

पडताळा घरीच घ्या. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा: सायीसारखा पिवळट थर म्हणजे पाणी. (कूलंटही घटत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, तपासून घ्या.) ऑइल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, तेही बघा. बॅटरीला मल्टिमीटर लावा. आयडलिंगला आकडा १३ व्होल्टच्या वर जात नसेल, तर चार्जिंग होत नाहीये.

पंधरवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा. जमणार नसेल तर स्टार्टच करू नका, बॅटरीची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली, केबल काढून ठेवा. त्या एमजीबीत ती पॉझिटिव्ह बाजूला असते, निगेटिव्हला नाही.