दुग्धजन्य प्रोबायोटिक जीवाणू

जे जिवंत सूक्ष्मजीव पुरेशा संख्येने पोटात गेल्यास आरोग्याला लाभ होतो, ते प्रोबायोटिक. ही व्याख्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये केली. दही, योगर्ट (ठरावीक दोन जीवाणूंनी लावलेले दही) व केफिर (आंबवलेल्या दुधाचे पेय) हे अशा जीवाणूंचे जुने वाहक आहेत; मात्र प्रत्येक दही प्रोबायोटिक नसते. घरच्या दह्यात लॅक्टोकोकस, ल्युकोनोस्टॉक, लॅक्टोबॅसिलस या जीवाणूंचे बदलते मिश्रण असते. त्यातला कोणता वाण (एकाच प्रजातीतला विशिष्ट प्रकार) किती आहे हे ठाऊक नसते आणि त्याची चाचणीही झालेली नसते.

१९०५ मध्ये बल्गेरियाचे संशोधक स्टामेन ग्रिगोरोव यांनी बल्गेरियन दह्यातला दंडाकार जीवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी त्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. पुढे कळले की योगर्टचा हा जीवाणू आतड्यात तग धरत नाही. १९३० मध्ये मिनोरू शिरोता यांनी जपानमध्ये पित्तरस सोसणारा वाण वेगळा केला आणि १९३५ पासून तो आंबवलेल्या दुधाच्या पेयातून विकला जाऊ लागला.

रोगजंतूंना अडवण्याचे मार्ग अनेक आहेत. लॅक्टिक आम्लामुळे दुधाचा पीएच (तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६.६ वरून ४.५ च्या आसपास येतो. विघटित न झालेला आम्लाचा रेणू जंतूच्या पटलातून आत शिरतो आणि आत विघटित होऊन पेशी आम्लधर्मी करतो. काही वाण जीवाणूनाशक प्रथिने सोडतात. लॅक्टोकोकस लॅक्टिसचे निसिन हे असे प्रथिन लिस्टेरिया व स्टॅफिलोकोकस या रोगजंतूंवर चालते. साल्मोनेला, शिगेला व पटकीचा जंतू यांचे बाह्य पटल त्याला सहसा आत येऊ देत नाही. म्हणजे आपल्याकडच्या हगवणीच्या मुख्य जंतूंसमोर हे अस्त्र बोथट ठरते. तिथे आम्ल, आतड्याच्या श्लेष्मल थरावर जागा अडवणे, अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट करणे आणि आयजीए प्रतिपिंडे (आतड्याच्या अस्तरावर जंतूंना रोखणारी प्रथिने) वाढवणे हे मार्ग महत्त्वाचे. मुक्काम मात्र तात्पुरता असतो. सेवन थांबले की बहुतेक वाण काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीसे होतात.

कोलकात्याच्या झोपडपट्टीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांवर झालेल्या चाचणीत शिरोता वाणाचे पेय १२ आठवडे रोज दिले. एकूण २४ आठवड्यांच्या पाहणीत अतिसारापासून १४ टक्के संरक्षण दिसले. आकडा खरा, पण माफक. उलट अमेरिकेत जुलाब सुरू झालेल्या मुलांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा वाण दिल्यावर काही फरक पडला नाही (२०१८). एका वाणाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे वेष्टनावर प्रजाती, वाण आणि मुदत संपतानाची जिवंत संख्या मागतात. रोजची मात्रा साधारण १०० कोटी जीवाणू धरली जाते. पेय ४ अंशांच्या आसपास ठेवावे. कढी उकळली की जीवाणू मेले; चव राहते, जिवंत जीवाणूंचा लाभ जातो.

घरी लावताना दूध उकळून ४० ते ४२ अंशांपर्यंत कोमट करावे आणि लिटरभर दुधात एक-दोन चमचे ताजे विरजण नीट ढवळून मिसळावे. उन्हाळ्यात सहा-आठ तासांत लागते, थंडीत जास्त वेळ घेते. दूध फार गरम असताना विरजण घातले तर ते मरते, आणि उकळूनही टिकलेल्या बॅसिलस जीवाणूच्या बीजाणूंना (सुप्त, टणक रूपांना) मोकळे रान मिळते. मग आंबट दह्याऐवजी कडवट वासाचे फुटके दूध हाती येते. ते फेकून द्यावे. कच्च्या दुधाचे दही सुरक्षित समजू नये. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा रक्ती जुलाब करणारा जंतू आम्लातही बराच काळ तगतो. ताकात तर खरा धोका नंतर घातलेल्या पाण्याचा आणि बर्फाचा.

जुलाब लागल्यावर पहिला उपचार जलसंजीवनीचाच. सहा महिन्यांवरील मुलांना सोबत १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त. दही-भात त्यानंतर आणि त्याच्या जोडीने. प्रतिजैविक चालू असेल तर प्रोबायोटिक त्यापासून दोनेक तास दूर घ्यावे. अपुऱ्या दिवसांची बाळे व प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण यांना वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये. त्यांच्यात हेच जीवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतात.