यूकेत नोकरी: स्पॉन्सरशिप, व्हिसा आणि पैसे भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

स्पॉन्सरशिप कंपनी देते, व्हिसा यूकेचं होम ऑफिस (तिथलं गृहखातं) देतं. पहिली मिळाली म्हणून दुसरा मिळेलच असं नाही, आणि बरेच अर्ज या दोन्हींच्या मधल्या जागेतच अडकतात. या पत्रकात मुख्यतः स्किल्ड वर्कर व्हिसाची माहिती आहे. आकडे जानेवारी २०२६ चे आहेत. फी आणि पगाराच्या मर्यादा बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी त्या पुन्हा पाहून घ्या.

आधी कंपनी तपासा

परदेशी माणूस नेमायला कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स लागतं. अशा कंपन्यांची यादी यूके सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. यादीत कंपनीचं नाव आणि गाव, रेटिंग आणि कोणत्या मार्गासाठी (म्हणजे व्हिसाच्या प्रकारासाठी) लायसन्स आहे, एवढं दिसतं. नाव सापडलं म्हणून तिथेच थांबू नका. मार्गाच्या रकान्यात ‘स्किल्ड वर्कर’ आहे का ते बघा. काहींकडे फक्त कंपनीअंतर्गत बदलीचं लायसन्स असतं. रेटिंग ‘ए’ हवं. ‘बी’ रेटिंगच्या कंपनीला नव्या माणसाला स्पॉन्सर करता येत नाही. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि नोंदणीतलं नाव वेगळं असू शकतं, म्हणून ऑफर लेटरवरचं कायदेशीर नाव घेऊनच शोधा.

सीओएस म्हणजे काय

सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (सीओएस) हे नावाला सर्टिफिकेट. प्रत्यक्षात ती होम ऑफिसच्या संगणकातली नोंद असते आणि तुमच्या हाती येतो तो तिचा संदर्भ क्रमांक. शिक्का-सहीचं रंगीत प्रमाणपत्र कुणी पाठवलं तर सावध व्हा. कंपनीकडून नोंदीतला तपशील मागून घ्या आणि चार गोष्टी ओळीने जुळवा: पासपोर्टप्रमाणे नाव, कामाचा चार आकडी कोड (प्रत्येक प्रकारच्या कामाला ठरवून दिलेला), वार्षिक पगार आणि आठवड्याचे तास. नावातली किरकोळ चूक कंपनी नोंदीत टीप घालून दुरुस्त करू शकते, पण ते अर्ज भरण्याआधीच. कोडच चुकला असेल तर नवीन सीओएस मागा. मॅनेजरचा कोड आणि प्रत्यक्षात काउंटरवरचं काम, असा प्रकार अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

सीओएस दिल्यापासून ३ महिन्यांत अर्ज करावा लागतो. भारतातून अर्ज करणाऱ्यासाठी ‘डिफाइन्ड’ प्रकारचा सीओएस लागतो आणि कंपनीला तो त्या जागेपुरता वेगळा मागावा लागतो. यूकेत आधीच असलेल्यांसाठीचा ‘अनडिफाइन्ड’ चुकून दिला गेला तर अर्ज फुकट जातो.

पगाराचं गणित

साधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. तुमच्या कामाच्या कोडचा ठरलेला दर याहून जास्त असेल तर तो लागू होतो. यात फक्त हमीचा मूळ पगार मोजतात. ऑफर ४५,००० ची, पण त्यातले ५,००० घरभाडे भत्त्याचे असतील, तर होम ऑफिसच्या हिशेबी तुमचा पगार ४०,००० च. बोनस, ओव्हरटाइम, राहण्याची सोय, यातलं काहीच धरत नाहीत.

दुसरी खाच तासांची. कोडचा दर आठवड्याला ३७.५ तास धरून दिलेला असतो. दर ४५,००० असेल आणि तुमचा करार ४० तासांचा असेल, तर लागणारी रक्कम ४८,००० होते. कंपनीच्या एचआरकडूनही इथे चूक होते, म्हणून हा हिशेब स्वतः करून पाहा.

वय २६ पेक्षा कमी असेल, किंवा तुम्ही यूकेतच स्टुडंट वा ग्रॅज्युएट व्हिसावरून येत असाल, तर ३३,४०० पौंड आणि कोडच्या दराच्या ७० टक्के, यातली जास्त असेल ती रक्कम पुरते.

२२ जुलै २०२५ पासून पदवीच्या दर्जाची कामंच साधारणपणे पात्र आहेत. त्याखालची काही मोजकी कामं तात्पुरत्या याद्यांवर आहेत. केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरती त्याच दिवसापासून बंद आहे. आजही केअर होमची ‘हमखास’ जागा दाखवणारा एजंट तुम्हाला फसवतोय.

कोणाचा खर्च कोणी करायचा

लायसन्सची फी, सीओएसचे ५२५ पौंड आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणूस नेमल्याबद्दल सरकारला द्यायचं शुल्क (लहान कंपनीला वर्षाला ४८० पौंड, मोठीला १,३२०), हे कंपनीचं देणं आहे. पगारातून हप्त्याने कापून घ्यायलाही परवानगी नाही. तसं केल्यास कंपनीचं लायसन्स जाऊ शकतं. लायसन्स गेलं की तुमचा व्हिसाही धोक्यात, म्हणून ‘सगळेच देतात’ म्हणून गुपचूप पैसे देऊ नका. सीओएस विकत मिळत नाही. विकणारा भेटला तर त्यामागे नोकरीच नसते.

तुमचा खर्च म्हणजे व्हिसा फी (परदेशातून, ३ वर्षांपर्यंत ७६९ पौंड) आणि हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम), प्रौढासाठी वर्षाला १,०३५ पौंड. तोही सगळ्या वर्षांचा एकदम, म्हणजे ३ वर्षांसाठी ३,१०५. डॉक्टर, नर्स वगैरेंसाठीच्या हेल्थ अँड केअर व्हिसावर फी कमी असते आणि सरचार्ज नसतो.

कागदपत्रांत कुठे घोळ होतो

इंग्रजीची पातळी ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदारांना बी२ (मध्यमाच्या वरची पातळी) लागते. नेहमीची आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) चालत नाही, व्हिसासाठीची ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ हवी आणि चारही भागांत ५.५ हवेत. पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या यूकेतल्या संस्थेकडून तसा दाखला घेता येतो. टीबीचा दाखला मान्यताप्राप्त क्लिनिकचाच. तो ६ महिने चालतो.

बँकेत १,२७० पौंड सलग २८ दिवस हवेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पौंडाचा दर अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून नेमकी रक्कम न ठेवता थोडी जास्त ठेवा. कंपनीने सीओएसमध्ये खर्चाची हमी दिली असेल तर ही अटच उरत नाही, आणि ती हमी मागायला संकोच करू नका.

बायोमेट्रिक्सनंतर (बोटांचे ठसे आणि फोटो दिल्यावर) निकालाला साधारण ३ आठवडे. खोटा कागद सापडला तर १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

दुसरे मार्ग

भारतातल्या तुमच्या कंपनीच्या यूके शाखेत बदली होत असेल तर ग्लोबल बिझनेस मोबिलिटी व्हिसा: पगार किमान ५२,५०० पौंड, इंग्रजीची अट नाही, पण त्यावर कायम वास्तव्य मिळत नाही. १८ ते ३० वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे. स्पॉन्सर लागत नाही, सोडतीत नाव यावं लागतं आणि २,५३० पौंड शिल्लक दाखवावी लागते.

नोकरी बदलली किंवा गेली तर

व्हिसा त्या कंपनीला आणि त्या कामाला बांधलेला असतो. नव्या कंपनीचा सीओएस घेऊन नवीन अर्ज करा आणि मंजुरी येईपर्यंत जुनी नोकरी सोडू नका. नोकरी गेल्यास कंपनीला १० कामकाजी दिवसांत कळवावं लागतं. त्यानंतर होम ऑफिसचं पत्र येतं आणि साधारण ६० दिवस मिळतात. व्हिसा त्याआधीच संपत असेल तर तेवढेच. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधून अर्ज आत जायला हवा. पत्र ईमेलवर येतं, तेव्हा अर्जात एजंटचा नाही, स्वतःचा ईमेल द्या.