तीन वाट्या आणि एक चिंचोका

स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या तीन वाट्या उपड्या मांडल्या होत्या. मी पाठ करून उभा होतो. आईने एका वाटीखाली चिंचोका लपवला आणि म्हणाली, "हं, सांग आता." मी मधल्या वाटीवर बोट ठेवलं. तिने उजवीकडची वाटी उचलून दाखवली. खाली काहीच नव्हतं. मग विचारलं, "मधलीच ठेवतोस, की डावीकडची घेतोस?"

खेळाचे नियम आधी ठरलेले होते. चिंचोका कुठे आहे हे आईला माहीत असतं. मी बोट ठेवलेली वाटी ती उचलत नाही, चिंचोक्याची वाटीही उचलत नाही. दर वेळी एक रिकामी वाटी उघडून दाखवते आणि दर वेळी बदलायची संधी देते.

हा प्रश्न मी आजवर ज्यांना ज्यांना घातला, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच: दोन वाट्या उरल्या, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता, बदललं काय आणि न बदललं काय, सारखंच. आणि सारखंच आहे म्हटल्यावर माणूस पहिली वाटी धरून ठेवतो. बदलली आणि नेमका चिंचोका तिथेच निघाला, तर हळहळ फार होते ना!

खरं उत्तर असं की वाटी बदलावी. बदलणारा तीनपैकी दोन वेळा जिंकतो, न बदलणारा तीनपैकी एकदा.

पटत नसेल तर त्यात कमीपणा मानू नका. स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे कोडं मांडलं आणि त्याला अमेरिकेतल्या एका टीव्ही खेळाचा सूत्रसंचालक माँटी हॉल याचं नाव चिकटलं. तिथे वाट्यांच्या जागी दारं असतात, एका दारामागे मोटार आणि दोन दारांमागे बकऱ्या. सप्टेंबर १९९० मध्ये 'परेड' या नियतकालिकातल्या आपल्या सदरात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी 'दार बदला' असं उत्तर दिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. सुमारे दहा हजार पत्रं आली. त्यांतली हजाराच्या आसपास पीएचडी झालेल्यांची होती आणि बहुतेक पत्रांचं म्हणणं होतं की बाईंचं चुकलं. देशात गणिताची आधीच दैना आहे, त्यात भर घालू नका, असं गणिताच्या प्राध्यापकांनी सही करून लिहिलं. व्हॉस सॅव्हंट हटल्या नाहीत. वर्गात मुलांकडून प्रयोग करून घ्या, एवढंच त्यांनी शिक्षकांना सांगितलं. मुलांनी मोजलं आणि उत्तर त्यांच्याच बाजूने आलं. विसाव्या शतकातल्या थोर गणितींपैकी एक, पॉल एर्डिश, यांनाही हे पटलं नव्हतं. एका मित्राने संगणकावर हा खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखवला, तेव्हा त्यांनी मान्य केलं. 'पण असं का?' ही त्यांची तगमग मात्र नुसत्या आकड्यांनी शमली नाही.

मलाही सूत्र पाठ होतं, पण आतून उमगलं ते त्या संध्याकाळी ओट्यापाशी, आणि तेही आईमुळे. वहीत दोन रकाने आखून आम्ही डावामागून डाव खेळत होतो, निम्मे डाव बदलून, निम्मे न बदलता. बदललेल्या रकान्यात रेघा जवळपास दुपटीने साठत चालल्या होत्या. मधेच आई थांबली. "अरे, तू चुकलास ना, की मला निवडायला काही उरतच नाही. एक वाटी तुझ्या बोटाखाली, एकीखाली चिंचोका. राहिली ती उचलायची. आणि तू चुकतोस तर सारखाच!"

एवढंच आहे सगळं. पहिल्या फटक्यात माझं बोट चुकीच्या वाटीवर पडणार, हे तीनपैकी दोन वेळा होणार. त्या दोन्ही वेळा आई नाइलाजाने एकमेव रिकामी वाटी उचलते, म्हणजे उरलेल्या वाटीकडे बोटच दाखवते म्हणा ना. चिंचोका लपवणाऱ्याच्या जागी बसलं की हे चार-पाच डावांत लक्षात येतं. ओळखणाऱ्याच्या जागी बसून जन्म गेला तरी येत नाही, कारण त्याला समोर फक्त दोन सारख्या वाट्या दिसतात. म्हणून हे कोडं कुणाला समजावायचं असेल तर त्याच्याशी वाद घालू नका, चिंचोका त्याच्या हातात द्या.

यापुढची गोष्ट मला स्वतःला मूळ कोड्याहून जास्त चकित करते. समजा, आईच्या जागी माझा चार वर्षांचा भाचा आला. चिंचोका कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. मी मधल्या वाटीवर बोट ठेवलं आणि त्याने उरलेल्या दोनपैकी मनाला येईल ती उचलली. योगायोगाने ती रिकामी निघाली. आता बदलावं का?

ओट्यावरचं दृश्य तेच आहे. तीच वाटी उघडी, त्याच दोन उपड्या. तरी आता शक्यता खरोखरच निम्मी-निम्मी आहे. तीस डाव धरून मोजू. साधारण दहा डावांत माझं बोट बरोबर वाटीवर असेल. मग भाचा कुठलीही वाटी उचलो, ती रिकामीच. उरलेल्या वीस डावांत मी चुकलेला असेन आणि त्यातल्या दहांमध्ये भाचा चिंचोक्याचीच वाटी उचलून बसेल. ते डाव बाद. म्हणजे रिकामी वाटी दिसली असे डाव वीस. त्यातल्या दहांत न बदलणारा जिंकतो, दहांत बदलणारा. आईबरोबरच्या तीस डावांत एकही डाव बाद होत नव्हता, म्हणून हिशेब दहास वीस असा पडत होता.

आणि तिसराही एक प्रकार आहे. चिंचोका लपवणारा लबाड असेल आणि माझं बोट बरोबर पडलं तरच बदलायची संधी देत असेल, तर बदलणारा दर वेळी हरणार. जत्रेत तीन पत्ते मांडून बसणाऱ्याशी ज्यांची गाठ पडली आहे, त्यांना हे सांगायला नको. खुद्द माँटी हॉल यांनी १९९१ मध्ये एका पत्रकाराला आपल्या घरी बसवून हेच करून दाखवलं होतं. नियमाने सूत्रसंचालकाचे हात बांधलेले नसतील तर गणिताचं उत्तर लागू पडत नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो अगदी बरोबर होता.

एकच दृश्य आणि त्याची तीन वेगवेगळी उत्तरं. आपलं मन अडतं ते इथे. समोर काय दिसतं ते आपण चटकन मोजतो, पण ते समोर कुठल्या वाटेने आलं, हे विचारायची सवय आपल्याला नाही. २०१० मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी कबुतरांना हा खेळ शिकवला, दाण्याच्या लालचीने. महिनाभरात कबुतरं जवळजवळ दर वेळी बदलायला लागली. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मात्र कितीतरी डाव खेळूनही ते तेवढं साधलं नाही. कबुतर कारण शोधत बसत नाही, दाणे कुठे जास्त मिळतात ते बघतं, असं मला वाटतं.

वाटीखाली चिंचोका असेपर्यंत चुकलं तरी बिघडत नाही. हीच चूक दवाखान्यात होते, तेव्हा मात्र माणसाची झोप उडते. १९७८ साली हार्वर्डमध्ये साठ डॉक्टरांना आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला गेला. एक आजार हजारात एकाला होतो. त्याची तपासणी निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून 'पॉझिटिव्ह' ठरवते. एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, बाकी त्याच्याबद्दल काही माहीत नाही, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? जवळपास निम्म्यांनी ९५ टक्के सांगितलं. बरोबर उत्तर देणारे होते अकरा.

हजार माणसं रांगेत उभी करा. खरा आजारी एक, आणि तपासणी त्याला पकडते असं धरू. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे पन्नास जणांच्या हातातही तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट पडतो. एकूण एक्कावन्न कागद, दिसायला सगळे सारखे, आणि त्यातला खरा एकच. शक्यता जेमतेम २ टक्के.

लक्षणं दिसतात म्हणून डॉक्टरांनी तपासणी करायला सांगितली असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा रांगच वेगळी असते, तीत आजारी माणसं मुळातच जास्त असतात आणि त्याच कागदाचं वजन वाढतं. सरसकट सगळ्यांच्या तपासणीत मात्र पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टने हादरून जायचं कारण नसतं. तो दुसऱ्या तपासणीकडे नेणारा कागद आहे.

आणि तीच तपासणी दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आली तर? आता तरी नक्की, असं वाटेल. मोजून पाहा. खरा आजारी एक पुन्हा सापडतो, आणि त्या पन्नास निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे सरासरी अडीच जण पुन्हा चुकून पकडले जातात. साडेतीन कागदांत खरा एक. दोनदा पॉझिटिव्ह येऊनही शक्यता ३० टक्क्यांच्या आतच. तिसऱ्यांदा आली तर ती एकदम ८९ टक्क्यांवर जाते, तीही प्रत्येक वेळची चूक स्वतंत्र असेल तर. निरोगी माणसाच्या रक्तातला एखादाच घटक दर वेळी तपासणीला फसवत असेल, तर तीच तपासणी पुन्हा पुन्हा करून फार काही हाती लागत नाही. म्हणून खात्री करायची असते, तेव्हा पहिलीपेक्षा वेगळ्या पद्धतीची तपासणी सांगतात.