स्वातंत्र्य ९९ वर्षांच्या लीजवर? नाही हो

"आपल्याला स्वातंत्र्य मिळालंच नाही, ब्रिटिशांनी देश ९९ वर्षांच्या लीजवर दिलाय" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. वाचून धस्स होणं साहजिक आहे, पण १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा जेमतेम २० कलमांचा आहे, नेटवर फुकट मिळतो, सलग वाचून काढा, लीज, भाडं, ९९ वर्षं असलं काहीच सापडत नाही. बरं, समजा काही दडलेलं असतंच, तरी आपल्या संविधानाचं कलम ३९५ उघडून बघा, त्याने तो अख्खा कायदाच रद्द केलाय, म्हणजे २६ जानेवारी १९५० पासून तो आपल्याला लागूच नाही, मग मुदत संपणार कशाची? राहिलं कॉमनवेल्थ, म्हणजे मुख्यतः ब्रिटनच्या जुन्या वसाहतींचा गट, तर भारत त्यात आहे म्हणून ब्रिटिशांच्या ताब्यात आहे असं होत नाही, तिथून बाहेर पडता येतं, आयर्लंड १९४९ मध्ये पडलाच की.